आय७-८७००के, ५ गिगाहर्ट्झ, ९६ अंश: कूलर सुचवा (लिक्विड नको)

मंदाग्नी
नमस्कार मंडळी. प्रोसेसर आय७-८७००के. सगळे कोअर ५.० गिगाहर्ट्झवर, व्होल्टेज १.३८, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) हाताने टाकलेलं. कूलर एका टॉवरचा, त्याला १२० मिमीचा एकच पंखा. केसला (कॅबिनेटला) पुढून काच, काचेमागे दोन पंखे, मागच्या बाजूला एक. खोलीत साधारण ३० अंश असतं. गेम खेळताना ७८ ते ८२ दिसतं. प्राइम९५ ही प्रोसेसरला ताण देणारी चाचणी स्मॉल एफएफटीवर लावली की थोड्याच वेळात ९६, आणि एखादा कोअर ९८ ला शिवून येतो.

रोजच्या वापरात कितीपर्यंत चालवून घ्यावं? आणि कूलर बदलायचा तर कोणता? अटी आधीच सांगतो: लिक्विड नको. केसमध्ये १६० मिमी उंचीपर्यंतचाच कूलर मावतो. खर्च सध्याच्या कूलरच्या दुपटीपुढे जाता कामा नये. नवीन मदरबोर्ड-प्रोसेसर घे, असं कृपया कोणी सांगू नका.

वाफाळता
डोळे मिटून ३६० चा एआयओ (पंप-रेडिएटरवाला तयार लिक्विड कूलर) घे. माझा आय९ अडीचशे वॉट ओढतो, तरी ८५ च्या वर जात नाही. एअर कूलर घेऊन पुन्हा वर्षभराने हाच धागा काढशील.

निवांत
लिक्विड नको असं वरच लिहिलंय त्यांनी.

वाफाळता
वाचलंय. लिक्विड नको म्हणणाऱ्यांनी ते कधी वापरलेलं नसतं.

जुनी_हाडं
अजूनही २६००के वापरतो. २०११ चा. ४.५ गिगाहर्ट्झ, आणि ६५ च्या वर काटा गेलेला आठवत नाही. त्या वेळी आत चिप आणि झाकणामध्ये सोल्डर असायचं, तुमच्या ८७००के मध्ये तसं नाही. आणि मर्यादा विचारताय तर माझ्याची ७२.६ अंश. इंटेलच्या कागदावर छापलेली आहे. तुम्ही ९६ वर चालवताय म्हणजे कमाल आहे.

बायोसबुवा
आजोबा, ७२.६ म्हणजे टीकेस. ते प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर मधोमध मोजतात. सॉफ्टवेअर दाखवतं ते कोअरच्या आतल्या सेन्सरचं तापमान, ते नेहमीच जास्त असतं. दोन्ही एका पट्टीने मोजू नका.

८७००के ला टीजेमॅक्स, म्हणजे कोअरची कमाल मर्यादा, १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे थ्रॉटल होतो. त्याच्याही बरंच वर गेला तर मशीन बंद पडतं. त्यामुळे ९६ ला काही जळत नाही. पण तिथे राहायचंही नाही. माझं माप असं: गेम, रेंडरिंग, कंपाइल अशा खऱ्या कामात ८० च्या आतबाहेर, मुद्दाम ताण देणाऱ्या चाचणीत ९० च्या आत. हे माप माझं, इंटेलचं नव्हे.

मंदाग्नी, तुमच्या आकड्यांत मला ९६ पेक्षा १.३८ जास्त खटकतंय. ते कुठून आलं?

मंदाग्नी
एका व्हिडिओत बघून टाकलं होतं. ५.० ला तेवढं लागतंच असं म्हणत होते.

लालबुंद
९५ अंशांवर एवढी चर्चा! एएमडीची रायझन ७००० मालिका २०२२ मध्ये आली तेव्हा कंपनीनेच सांगितलं होतं की पूर्ण भारात ९५ वर बसणं हे डिझाइनच आहे. कूलर मोठा लावला तर ती तापमान कमी करण्याऐवजी वेग वाढवते. माझी रोज ९५ वर असते. मी निवांत झोपतो.

जुनी_हाडं
म्हणूनच मी एएमडी घेत नाही.

बायोसबुवा
अहो, तो नियम तिकडचा. त्याच मालिकेतल्या ७८००एक्स३डी ला मर्यादा ८९ आहे. पहिल्या पिढीच्या १८००एक्स मध्ये तर दाखवलेला आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला असायचा, लोक उगाच घाबरायचे. सुरक्षित तापमान विचारायचं तर आधी मॉडेल सांगायला हवं. मोघम ‘८० बरं’ म्हणण्याला अर्थ नाही.

लालबुंद
८९ आणि ९५ मध्ये असा काय फरक आहे?

निवांत
सहा.

पंखेवाला
कूलरवर सगळे तुटून पडलेत, केसकडे कोणी बघतंय का? पुढून काच लावायची आणि आत पंखे फिरवायचे म्हणजे तोंडावर उशी दाबून पळायला सांगणं. पंख्यांना हवा मिळते फक्त काचेच्या कडेच्या फटीतून.

फुकटची चाचणी: पुढची काच काढा, बाकी काहीही बदलू नका, तीच प्राइम९५ तेवढाच वेळ चालवा. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, कारण हवेवरचा काय किंवा पाण्यावरचा काय, साधा कूलर खोलीच्या खाली नेऊ शकत नाही. ३० च्या खोलीतले ९६ म्हणजे ६६ ची वाढ. २२ च्या खोलीत बसून ‘माझं ८८ येतं’ म्हणणाऱ्याचा कूलरही तेवढाच आहे.

ढिला_स्क्रू
प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट कशी लावली होती? मी मधोमध वाटाण्याएवढी लावतो.

पंखेवाला
मी फुली मारतो. टिंब लावलं तर कोपरे कोरडे राहतात.

ढिला_स्क्रू
दाबाने पसरतेच ती. पसरली नाही तर स्क्रू नीट आवळलेले नाहीत.

पंखेवाला
हे नाव घेऊन तुम्ही स्क्रू आवळायला सांगताय. (ह. घ्या.)

वाफाळता
अवांतर पुरे. ३६० बसत नसेल तर २४० घे. वरच्या बाजूला रेडिएटर लाव. पंप सगळ्यात उंचावर येऊ देऊ नकोस, नाहीतर हवा त्यात साचते आणि गुळगुळ आवाज येतो. एवढं सांभाळलं की झालं.

कोरडा_पंप
झालं म्हणे. माझ्या एआयओचा पंप रात्री रेंडर चालू असताना बंद पडला. पंखे नीट फिरत होते, त्यामुळे काही कळलंच नाही. सकाळी बघतो तर रेंडर अर्ध्यावर, मशीन बंद, चालू केलं की बायोसमध्येच नव्वदी पार. वॉरंटीला दिला तर नवीन यायला इतका वेळ लागला की तोवर डब्यातला फुकट आलेला छोटा कूलर लावून कामं केली. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्यांचे पंप कधी ना कधी मरतातच. टॉवर कूलरचा पंखा मेला तर दुसरा पंखा क्लिपने अडकवला की काम चालू.

वाफाळता
एकाचा पंप गेला म्हणून सगळे एआयओ वाईट?

सोलकढणे
८७००के असेल तर खरा उपाय एकच, डिलिड, म्हणजे प्रोसेसरचं धातूचं झाकण उघडणं. ८७००के मध्ये चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर नाही, पेस्ट आहे. ती काढून लिक्विड मेटल भरा. माझं पंधरा अंशांच्या आसपास उतरलं. वरून कितीही मोठा कूलर ठेवा, आतून उष्णताच बाहेर येत नसेल तर तो करणार काय? हत्यार मात्र डिलिडचंच वापरा, ब्लेड लावू नका. आणि लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं. कूलरचा तळ तांब्याचा किंवा निकेल चढवलेला हवा.

निवांत
वॉरंटी?

सोलकढणे
२०१७ च्या प्रोसेसरला आता कसली वॉरंटी.

बायोसबुवा
सोलकढणे यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याआधी फुकटात होणारं करून घ्या.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या साध्या प्रमाणात. १.३८ वरून १.२८ वर आलात आणि वेग ५.० चा ४.९ केलात, तर चिपच्या कामात जळणारी वीज ढोबळमानाने १५-१६ टक्क्यांनी उतरते. वेग गेला फक्त दोन टक्के. गेममध्ये तो दिसणारही नाही.

दुसरं, तुमच्या प्राइम९५ च्या चाचणीत एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जड गणिताच्या सूचना) चालू आहे. तेवढा भार गेम टाकत नाही. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट २ किंवा ३ ठेवा, म्हणजे तसलं काम आलं की वेग तेवढ्यापुरता दोन-तीनशे मेगाहर्ट्झनी खाली येईल. लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचं ते) शेवटच्या पातळीवर असेल तर एकदोन पायऱ्या खाली आणा. व्होल्टेज पायरीपायरीने उतरवा, मशीन अडखळलं की एक पायरी वर. व्हीआरएमचं (मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) तापमानही एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघत जा.

फक्त तापमान बघून चालत नाही, हे २०२४ मध्ये कळलंच सगळ्यांना. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होत होते, त्यात वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज हे मोठं कारण निघालं. ऑगस्टमध्ये त्यासाठी बायोसमधून येणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमचा) अपडेट द्यावा लागला. वाफाळता, तुमच्या आय९ चं बायोस अपडेट केलंय ना?

वाफाळता
विषय माझा नाही.

पंखेवाला
म्हणजे नाही केलं.

मंदाग्नी
सगळ्यांचे आभार. पुढची काच काढून बघितलं: ९६ चे ८९ झाले, खोली तेवढीच. पंखेवाला, मानलं. मग व्होल्टेज १.२९, ४.९ गिगाहर्ट्झ, ऑफसेट २. प्राइम९५ मध्ये ८० च्या जरा वर, गेममध्ये सत्तरीच्या आत. अडखळलं नाही अजून.

बायोसबुवा
मग कूलर घ्यायची गरजच उरली नाही. फार तर काचेच्या जागी जाळी लावा.

ढिला_स्क्रू
घ्यायचाच असेल तर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई बघा. दोन टॉवर, दोन पंखे, उंची १५५ मिमी, म्हणजे बसतो. किमतीतही तुमच्या अटीत यायला हरकत नाही. फक्त रॅमवर उंच हीटसिंक असेल तर पुढचा पंखा थोडा वर सरकवावा लागतो, मग उंची वाढते. आधी मोजून घ्या.

कोरडा_पंप
+१. मीही पंप गेल्यावर हाच घेतला.

वाफाळता
२४० एआयओ. शेवटचं सांगतोय.

मंदाग्नी
अपडेट. एकाकडे नॉक्टुआचा एनएच-डी१५ वापरलेला पण चांगल्या अवस्थेत मिळत होता, उचलला. दुपटीपेक्षा थोडा वर गेलो.

ढिला_स्क्रू
त्याची उंची १६५ आहे!

मंदाग्नी
माहीत आहे. साइड पॅनल काढून ठेवलंय. पुढची काच नव्हतीच, आता बाजूचीही नाही. आणि एवढा मोठा कूलर आहे तर परत ५.० वर नेलं, १.३६ व्होल्ट. प्राइम९५ मध्ये ८७ येतंय.

बायोसबुवा
म्हणजे जास्त पैसे घालून जास्त तापमान.

मंदाग्नी
पण पाच गिगाहर्ट्झवर. आवाजही कमी आहे.

पंखेवाला
धूळ बसेल. ब्लोअर घेऊन ठेवा, आणि फुंकताना पंखा बोटाने धरा, भन्नाट वेगाने फिरवू नका.

सोलकढणे
डिलिड केलं असतं तर ७२ आलं असतं.

गरम_मांडी
धागा वाचला, खूप माहिती मिळाली. रच्याकने, माझा लॅपटॉप ब्राउझर उघडला तरी ९७ दाखवतो, त्याला कोणता कूलर बसेल?

वाफाळता
मॉडेल सांगा.