मदत हवी आहे : स्टीलच्या दागिन्यांवरील कोटिंगचा दर्जा ऑर्डरमध्ये कसा नमूद करावा?

नमस्कार. नाशिकला मेन रोड परिसरात आमचे इमिटेशन दागिन्यांचे दुकान असून, स्टेनलेस स्टीलच्या साखळ्या व अंगठ्या आता घाऊक भावात थेट कारखानदाराकडून मागवण्याचा विचार आहे. दरपत्रकात सगळेच ‘३१६एल, पीव्हीडी, १८ कॅरेट’ एवढे लिहून मोकळे होतात (३१६एल हा स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार). परंतु पीव्हीडी ही निर्वात कक्षात थर चढवण्याची पद्धत झाली, थर कशाचा आणि किती जाड हे त्यावरून कळत नाही. सोनेरी रंग निव्वळ टायटॅनियम नायट्राइडचाही असू शकतो किंवा त्यावर खऱ्या सोन्याचा पातळ मुलामाही असू शकतो, आणि कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, जाडी नव्हे. आलेल्या नमुन्यात साखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात तिथे भिंगातून पाहिल्यास आतले पांढरे स्टील डोकावते (गिऱ्हाईक नेमके तिथेच बोट ठेवते).

थराची किमान जाडी मायक्रॉनमध्ये, आणि ती दागिन्यावर कोणत्या जागी मोजायची हेही, ऑर्डरमध्ये लिहून घेता येते का? आयएसओ ९२२७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे (माल गंजाला किती टिकतो हे पाहणारी चाचणी) किती तास मागणे व्यवहार्य ठरेल? मालाची जाडी तपासून देणारी प्रयोगशाळा अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.