गूगलवर सगळ्यात वर आलं म्हणजे खरं का? बडोदेकरांनो, बोला

दांडियाबाजारच्या काकू:
गणपतीत आमच्या गल्लीत मुलांची निबंध स्पर्धा असते, यंदा विषय लक्ष्मी विलास पॅलेस. 19 निबंध आले आणि 16 मध्ये तेच वाक्य, शब्दाला शब्द, की हा राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा आहे. कुठून आणलंत तर म्हणे "काकू, गूगलवर पहिलं तेच येतं." एका पोराने आकडेही दिलेत, आपला 3,04,92,000 चौरस फूट आणि बकिंगहॅम 8,28,821. अरे मग भागाकार तरी करून बघ की, चौपट कुठे, जवळजवळ 37 पट होतंय ते! शेवटी मीच वही घेऊन बसले. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, त्याला 700 ने गुणलं तर बरोब्बर 3,04,92,000. म्हणजे आपल्याकडचं अख्खं 700 एकर आवार मोजलंय, झाडं, गोल्फचं मैदान सगळं धरून, आणि त्यांच्याकडची नुसती इमारतीतली जागा. माझं मत स्पष्ट आहे, मुलांना सर्च करायलाच लावू नका, मोठ्यांनी 20-25 चांगल्या लिंका निवडून द्याव्यात आणि त्यातूनच लिहा म्हणावं.

सेवउसळ_तर्री_जास्त:
काकू गणिताला दंडवत, पण उपाय नाही पटला. लिंका निवडणार कोण, तुम्हीच ना? मागच्या वर्षी तुम्ही ग्रुपवर यादी टाकलेली त्यातली तिसरी लिंक उघडा, पेपरातला रविवारचा लेख आहे, दुसऱ्याच परिच्छेदात "बकिंगहॅमच्या चौपट". आता बोला 😄

दांडियाबाजारच्या काकू:
उघडली. आहे खरं. तेव्हा मलाही वाचून अभिमानच वाटला होता, काय लपवायचं. पण बघ, तू सांगितलंस आणि मी पाच मिनिटांत ती लिंक काढून टाकली. गूगलला सांगायला कुणाच्या दारात जाऊ?

रावपुऱ्याचा जावई:
काकूंशी सहमत. गूगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन यांचं 1998 चं मूळ गणितच असं की ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात ते वर. आता शेकडो गोष्टी बघतात म्हणे, पण वाक्य खरं आहे का हे कोण तपासतंय? एकाने थाप मारली, चाळीस जणांनी उतरवली की ती चाळीस साक्षीदारांसारखी दिसायला लागते. आणि सर्च म्हणजे गूगलच हे आपण ठरवलंय असं वाटतं ना, 2021 या एका वर्षात फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून तेच बसलेलं असावं म्हणून त्यांनी 26.3 अब्ज डॉलर मोजले, अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, आणि 2024 मध्ये कोर्टाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

सेवउसळ_तर्री_जास्त:
भाऊ हे सगळं मान्य, पण म्हणून काकूंची 25 पानं हेच पोरांचं जग? याहूने 1994 मध्ये हेच केलं होतं, माणसं बसवून साइटींची वर्गवारी, 2014 मध्ये गुंडाळलं, कारण माणसाचा हात पुरत नाही. त्यापेक्षा शोधायला शिकवा. मी काल "वडोदरा" टाकलं तर हॉटेलं आणि फ्लॅट, "बडोदे संस्थान" टाकलं तर जुन्या पुस्तकांची स्कॅन. गाव तेच, मशीन तेच. ही अक्कल यादीतून येत नाही.

मांजलपूरची माई:
अहो, आपल्याच गावात हे भांडण जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आणि शिवाय खेड्यापाड्यात पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या. पेटीत काय घालायचं हे कुणीतरी ठरवतच होतं की! फक्त खेड्यातल्या माणसाला माहीत असायचं की ही पेटी आहे, याच्या बाहेरही पुस्तकं आहेत. गूगलच्या पहिल्या पानाला आपण पेटी समजतच नाही, अख्खी लायब्ररी समजतो. सेवउसळ, तुझं बरोबर आहे रे, पण पाचवीतलं पोर "बडोदे संस्थान" कुठून टाकणार, तो शब्द त्याला आधी कुणीतरी सांगायला नको?

सेवउसळ_तर्री_जास्त:
माई, हे मात्र लागलं. बरं, यादी द्या, पण प्रत्येक लिंकपुढे का निवडली ते एका ओळीत लिहा, आणि यादीबाहेरचं एक तरी मुलांनी स्वतः शोधून आणायचं.

दांडियाबाजारच्या काकू:
एक ओळ लिहीन, बाहेरचं शोधून आणायचं ते बघू, त्यावर अजून भांडणार आहे मी. आधी बक्षिसाचं सांगा. चौपट न लिहिणाऱ्या तिघांपैकी एकीने आकडेच दिले नाहीत, दरबार हॉलच्या रंगीत काचांचा उजेड आजीच्या पांढऱ्या लुगड्यावर कसा पडला तेवढंच लिहिलंय. पहिला नंबर तिचाच.

सेवउसळ_तर्री_जास्त:
तिचाच. पण त्या आकडेवाल्यालाही लीला चिवड्याचं एक पाकीट द्या, त्याने आकडे लिहिले नसते तर तुम्ही वही उघडली असतीत का?