मदत हवी आहे: पोलादी सळईत ध्वनीचा वेग कमी का भरतो?

1 मीटर लांब, 12 मिमी जाडीची पोलादी सळई, दोन्ही टोकांजवळ पिएझो चकत्या (कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या), त्या स्टिरिओ इनपुटच्या डाव्या-उजव्या चॅनलला. एका टोकाजवळ हातोडीने हलका ठोका. वेग सेकंदाला सुमारे 5000 मीटर यायला हवा, भरतो 3000च्या आसपास. त्याच जोडणीने, माइक लावून, हवेत 20 अंश सेल्सिअसला 343 अगदी चोख मिळतो.

44,100 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला संकेताचे 44,100 नमुने (नोंदी) घेताना, लागोपाठच्या दोन नमुन्यांमध्ये 23 मायक्रोसेकंद जातात. 5000च्या वेगाने 1 मीटरला लागणाऱ्या 200 मायक्रोसेकंदांत जेमतेम 9 नमुने. एका नमुन्याची चूक 11 टक्क्यांची, पण तफावत 40 टक्के आहे!

ठोका बाजूने बसल्यामुळे सळई वाकवणाऱ्या संथ लहरीच मोजल्या जात असाव्यात का? चकत्या थेट टोकांच्या सपाट तोंडांवर कशा बसवाव्यात, आणि मग ठोका नेमका कुठे द्यावा?