पशुवैद्यकीयला जायचंय, खानापूर तालुक्यातून. तयारी कुठून सुरू करू?

खानापूरची लेक

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळा मराठीतून झाली, आता बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे, सायन्स. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी गाय.

मागच्या आषाढात गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठेचना. मान कुशीकडे वळवून पडलेली, कान गार. बाबा म्हणाले, संपलं. डॉक्टर आले, मानेच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली माझ्या हातात दिली. "जास्त वर धरू नको, हळू जाऊ दे." एका हाताने ते तिच्या छातीवर नळी लावून ऐकत होते. अर्धी बाटली जायच्या आत गाय थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं. पाऊण तासानं उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

पण विचारायला कुणी नाही. प्रवेशासाठी राज्याची सीईटी परीक्षा द्यायची की देशभरची नीट? महाराष्ट्रात शिरवळच्या कॉलेजला जाता येईल का? आणि आजी म्हणते, पोरीनं गोठ्यातच हात घालायचे तर शिकायचं कशाला. तिला काय सांगू?

चिकोडीकडचा डॉक्टर

बाळ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. सरकारी दवाखान्यात माझी एकोणीस वर्षं झाली, आणि ती बाटली हळू का सोडायची हे आजही मी दर वेळी नव्या माणसाला सांगतो. कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय थांबू शकतं. तुझ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली होती ती त्यासाठी.

आता प्रवेश. कर्नाटकातल्या आपल्या जागा केईएच्या, म्हणजे राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाच्या, सीईटीवरून भरतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, प्रत्येकी साठ प्रश्न आणि ऐंशी मिनिटं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. रँकमध्ये पीयूसीचे मार्कही धरतात, म्हणून "बोर्डाचं काय, सीईटी बघू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नको. नीट द्यायची ती देशभरच्या १५ टक्के कोट्यासाठी. तिथं चूक झाली की एक मार्क जातो, सवय वेगळी लागते. माझं मत विचारशील तर दोन्हीचे फॉर्म भर, पण जीव सीईटीला लाव.

शिरवळ हे नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं कॉलेज. तिथल्या राज्याच्या जागा नीटवरून भरतात आणि मुख्यतः महाराष्ट्रात दहावी-बारावी झालेल्यांना मिळतात. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांना वेगळी सोय असते, तेव्हा तुझ्या वर्षाची माहितीपुस्तिका लक्ष देऊन वाच. पण सगळा भार त्यावर टाकू नको. आपल्याकडे बिदर, हेब्बाळ, शिवमोग्गा, हासन, गदग आहेत, आणि आता आपल्याच जिल्ह्यात अथणीजवळ कोकटनूरला कॉलेज झालंय.

ज्यात आपली मुलं अडकतात ती गोष्ट कागदांची. पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण शाळेत झाली असतील तर १५ टक्के ग्रामीण आरक्षण मिळतं. शाळा मराठी असली तरी चालतं. कन्नड माध्यमाचे ५ टक्के वेगळे, ते आपल्याला नाहीत. दाखला ठरलेल्या नमुन्यातच हवा आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही हवी. हा कागद मे महिन्यात मागायला जाऊ नको. माझ्या पुतण्याच्या वेळी एका वर्षाची नोंद रजिस्टरमध्ये सापडेना, तीन हेलपाटे झाले आणि शेवटचा दिवस हुकला. हुशार पोरगं, एक वर्ष घरी बसलं. मला ते अजून लागतं. तू आत्ताच, दिवाळीच्या आधी जा.

बाबांच्या नावावर शेती असेल तर शेतकरी कोटाही बघ. त्याला वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा असते. एरवी गोठ्यात काढलेल्या दिवसांचे मार्क मिळत नाहीत, मुलाखतही नसते. तरी ते दिवस काढ. एक वही कर. माज कधी आला, कधी भरवली, कधी व्याली. गाय नऊ महिने आणि वर काही दिवस, म्हैस दहा महिन्यांच्या पुढे जाते, हे पुस्तकाआधी तुझ्या दावणीला दिसू दे. गाभडलेलं वासरू किंवा अडकलेली वार मात्र उघड्या हातानं धरू नको. ब्रुसेला हा गाभडण्याचा रोग माणसालाही होतो, आणि तो ताप लवकर पिच्छा सोडत नाही.

आजीला सांग, गाय उठली तेव्हा बाटली कुणाच्या हातात होती.

बिदर, दुसरं वर्ष

मी निपाणी भागातली, मराठी शाळेतलीच. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच, हे घरी आधीच सांगून ठेव. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी लग्नाचा विषय काढायचं ठरलं होतं.

पहिलं वर्ष हाडांचं. अ‍ॅनॉटॉमीच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळ्यांतून पाणी येतं आणि प्रत्येक हाडावरच्या खाचेला इंग्रजी नाव. रडले मी. मग वहीत तीन रकाने केले, मराठी, कन्नड, इंग्रजी. कास म्हणजे केच्चलु, चारा म्हणजे मेवु. दवाखान्यात शेतकरी येऊन म्हणतो, "मेवु तिन्नवल्लदु री," तेव्हा चारा खात नाही एवढं तरी लगेच कळायला पाहिजे. बस स्टँडवर चालतं तेवढं कन्नड पुरत नाही. जनावर बोलत नाही, मालकच सगळं सांगतो, आणि त्याची भाषा आपल्याला यायला हवी. हे मी कुणावर रागावून सांगत नाही, खरंच उपयोगी पडलंय. आत्तापासून रोज दहा शब्द कर.

आमच्या वर्गात मुली पुष्कळ आहेत. जोर लागतो, पण जनावर आवरायची पद्धत शिकवतात. सगळं ताकदीवर नसतं.

पालक, संकेश्वर

एक गोष्ट राहिली. नीटचा मराठी पेपर महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळतो. माझ्या मुलीनं फॉर्ममध्ये मराठी निवडली आणि बेळगाव केंद्र शोधत बसलो. शेवटी कोल्हापूर घेतलं, आदल्या रात्री नातेवाईकांकडे मुक्काम. तुझं पीयूसी इंग्रजीतून चाललंय तर पेपरही इंग्रजीतच दे, सराव एकाच भाषेत राहतो.

खानापूरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरकाका, आज शाळेत जाऊन आले. दाखला मिळेल म्हणाले, पण एक अडचण निघाली. माझी सहावी बेळगावात झाली. आत्याकडे राहिले होते, आईचं ऑपरेशन होतं त्या वर्षी. बाबा म्हणतात, एवढ्या एका वर्षाचं कोण बघतंय.

चिकोडीकडचा डॉक्टर

बघतात. कागद तपासताना तेच बघतात, आणि खोटा निघाला तर मिळालेली जागाही जाते. शहरातली सहावी असेल तर ग्रामीण आरक्षण सोड, बाळ. वाईट वाटतंय, तुझा त्यात काही दोष नाही. बाबांना सांग, नाडकचेरीत (आपल्या भागातल्या महसूल ऑफिसात) जाऊन जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ता काढून ठेवा, आणि शेतीचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते बघा. आजोबांच्या नावावर असेल तर शेतकरी कोट्यासाठी काय लागतं ते तहसीलदार ऑफिसात लगेच विचारा. कर्नाटकात सात वर्षं शिकल्याचा दाखला तुला मिळेल, त्याला सहावी आड येत नाही.

आणि आज संध्याकाळी धार काढून झाल्यावर म्हशीच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागच्या खळग्यात मूठ दाबून धर. दोन मिनिटांत पोट किती वेळा उचलतं ते मोज. दोन-तीनदा उचललं तर पचन ठीक. आकडा वहीत लिही आणि उद्या परत बघ.

खानापूरची लेक

उतारा आजोबांच्या नावावर आहे, सोमवारी बाबा जातायत. मोठ्या म्हशीचं तीन वेळा आलं. धाकटी हात लावू देईना, उद्या आईला वैरण घेऊन पुढं उभी करते.