सीसीच्या आधी वजन बघा
पहिली बाईक कोणती घ्यावी, या प्रश्नावर सगळ्यांनी १५० सीसी घ्यावी की ३५० सीसी (म्हणजे इंजिन किती मोठं) यावरच जोर दिलाय. पण विचारणाऱ्याने स्वतःच सांगितलंय की उंची बेताचीच आणि आजवर फक्त गिअर नसलेली स्कूटर चालवली आहे. मग सीसीचं नंतर बघू, आधी वजन आणि सीटची उंची.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन बंद ठेवून साइड स्टँडवरून सरळ करा आणि सीटवर बसूनच पायांनी चार-पाच फूट मागे ढकला. तिथेच दम लागला तर पुढे रोजचीच कटकट. नवशिक्याची गाडी बहुतेकदा वेगात पडत नाही, तर यू-टर्न घेताना हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की पडते. त्या क्षणी १३० किलो आणि १९० किलो यांतला फरक पायाला बरोब्बर कळतो.

स्कूटरवाल्यांची आणखी एक खोड म्हणजे दचकलं की डावा हात करकचून दाबायचा. स्कूटरला तिथे मागचा ब्रेक असतो, बाईकला क्लच, म्हणजे इंजिनला चाकापासून सोडवणारा लिव्हर! गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी धावत सुटते. रिकाम्या मैदानात उजवा हात (पुढचा ब्रेक) आणि उजवा पाय (मागचा ब्रेक) एकत्र वापरायची सवय करा. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवंच, त्यात घासाघीस नको.

सेकंडहँडला माझी ना नाही (पहिल्या गाडीला ओरखडे पडणारच). फक्त टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच, तो खर्च भावातून आधीच कापून घ्या.