मुलीला स्थापत्य अभियांत्रिकीला जायचे आहे. अभियंता नेमके काय काम करतो?

कराडचे पालक (प्रश्न):
माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि तिला स्थापत्य अभियांत्रिकीलाच प्रवेश घ्यायचा आहे. संगणक शाखा मिळत असताना उन्हातान्हात साइटवर कशाला जायचे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. माझे कापडाचे दुकान आहे. त्यामुळे अभियंता दिवसभर काय करतो आणि उभे आयुष्य घालवावे असे त्यात काय आहे, याची मला काहीच कल्पना नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पाटबंधारे अभियंता:
आपण कराडचे आहात, म्हणून कोयना धरणाचेच उदाहरण देतो. पूर्वेकडे जाणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या उतारावरून खाली सोडले, तर त्या उंचीमुळे वीज मिळेल, हे कोणाला तरी आधी सुचावे लागते. मग ते पाणी अडवणारी सुमारे १०३ मीटर उंचीची भिंत पाण्याच्या दाबाने सरकणार किंवा उलटणार नाही, हे एक दगडही रचण्यापूर्वी कागदावर सिद्ध करावे लागते. लोकांना अभियंत्याचे काम एवढेच ठाऊक असते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. धरण उभे राहिले. मात्र भिंतीच्या मागील, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध, बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला आडव्या भेगा पडल्या. दख्खनचे पठार तोवर स्थिर मानले जात असल्याने एवढा हादरा मूळ हिशेबात धरलेलाच नव्हता. अभियंत्यांनी भेगा भरून काढल्या, पोलादी केबल ताणून भिंतीचा वरचा भाग आवळून घेतला आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटचे भक्कम टेकू उभारले. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात, याचा अभ्यास करताना कोयनेचे उदाहरण आजही जगभर घेतले जाते. बांधलेल्या वस्तूने आपला हिशेब अपुरा ठरवला, तर पुन्हा तिच्यापाशी जाऊन ती सुरक्षित करणे, हा या व्यवसायाचा गाभा आहे असे मी मानतो आणि तो निवडण्याचे सर्वात मोठे कारणही मला तेच वाटते.

साइट इंजिनिअर, पुणे:
काका, मी इमारतींच्या कामावर असते, म्हणून रोजचे काम सांगते. स्लॅब ओतण्याआधी सळईचा व्यास, दोन सळयांमधले अंतर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि शटरिंगचे (साच्याचे) टेकू नकाशाप्रमाणे आहेत का, हे मी स्वतः फिरून तपासते. मिक्सरची गाडी आली की काँक्रीट किती पातळ आहे हे पाहायला स्लम्प चाचणी घेते आणि ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) भरते. एम २५ काँक्रीट म्हणजे ज्याचे क्यूब २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतील असे काँक्रीट. ओतायला सोपे जावे म्हणून कामगार त्यात वरून पाणी घालू पाहतात. त्याने ताकद घटते. अशा वेळी वीस माणसे खोळंबली असली तरी गाडी परत पाठवण्याचा निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या घरात राहायला येणाऱ्या कुटुंबासाठी मी तो घेते.

अडचणीही स्पष्ट सांगते. सुरुवातीचा पगार संगणक शाखेच्या तुलनेत बहुधा कमी असतो, कामाचे तास ठरलेले नसतात आणि अनेक साइटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची धड सोय नसते. मात्र स्थापत्य म्हणजे केवळ साइट नव्हे. संरचनेचे आराखडे, पाणीपुरवठा, माती परीक्षण, मोजमाप व देयके, शिवाय लोकसेवा आयोगामार्फत शासकीय नोकरी, असे बरेच मार्ग आहेत.

उत्पादन अभियंता, चाकण:
माझे काम वाहनांच्या सुट्या भागांचे आहे. एखादा भाग वारंवार मापाबाहेर जाऊ लागला, की दोष हत्याराच्या झिजेत आहे, कच्च्या मालात आहे की पकडीत, हे एकेक शक्यता वगळत शोधावे लागते. मुलीला असा छडा लावण्याची गोडी असेल, तर शाखा तिलाच निवडू द्यावी. नातेवाइकांच्या आग्रहाने घेतलेली शाखा चार वर्षे ओढणे फार जड जाते.

कराडचे पालक:
सर्वांचे मनापासून आभार. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तिने प्रत्यक्ष काय पाहावे?

निवृत्त पाटबंधारे अभियंता:
कराडलाच १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील स्थापत्य विभागात विनंती करून काँक्रीट आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा तिला दाखवाव्यात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी तिला एकटीलाच बोलू द्यावे. त्यानंतर परवानगी काढून एखाद्या पुलाच्या किंवा इमारतीच्या कामावर तिला पूर्ण दिवस थांबू द्यावे, तेही शक्यतो ओतकामाच्या दिवशी.