पान्हा फुटला नाही, तर माया लागत नाही का?

वर्गशिक्षिका

नमस्कार. मी फलटणजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमची लेक घरी आली तेव्हा १४ महिन्यांची होती, आता १९ महिन्यांची आहे. दत्तक आहे. घरात, शेजारी सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा प्रश्न स्पर्शाचा आहे. ती खेळते, जेवते, हाक मारली की मान वळवते. पण मी उचललं की लाकडासारखी ताठ होते. सकाळी मालीशवाली मावशी येते. तिच्यासमोर ही रडत नाही आणि मला तेच टोचतं. छताकडे बघत पडून राहते, मुठी उघडत नाही. मावशी गेल्या की मी अंघोळ घालून, पंच्यात गुंडाळून छातीशी धरते, तरी तसंच. दूध पिताना तोंड भिंतीकडे.

सासूबाई प्रेमळ आहेत, तिची सगळी लंगोटं त्याच धुतात. पण परवा बोलून गेल्या, "पान्हा फुटल्याशिवाय माया लागत नाही गं. ती तुझ्या अंगावर प्यायलेलीच नाही." त्या रात्री मी फोनवर वाचत बसले. ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक बाळंतपणात आणि पाजताना स्रवतं, मायेचा धागा तेच बांधतं, असं सगळीकडे लिहिलेलं. पुढे २००५ सालचा एक अमेरिकन अभ्यास सापडला. पूर्व युरोपातल्या अनाथालयांतून दत्तक गेलेली मुलं आईच्या मांडीवर बसून खेळली, तरी त्यांचं ऑक्सिटोसिन इतर मुलांसारखं वाढलं नाही. मी फोन उलटा ठेवला आणि पहाटेपर्यंत जागी होते.

मला जन्म न देता हे संप्रेरक येईल का? तिच्यात ते कायमचं कमी राहिलं असेल का? आणि नाकात मारायचा ऑक्सिटोसिनचा फवारा ऑनलाइन दिसतो, तो घ्यावा का, तिच्यासाठी किंवा माझ्यासाठी?

गोठेवाला_वाळवा

ताई, पान्ह्याचं म्हणाल तर मी त्यातलाच माणूस आहे. आमच्याकडं ११ म्हशी आहेत.

म्हैस व्याली म्हणजे पान्हा आला आणि राहिला, असं नसतंय. तो रोज दोन टाइमाला नव्यानं आणावा लागतो. रेडकानं ढुसण्या दिल्या, आंबोणाची बादली वाजली, कोमट पाण्यानं कास धुतली, की थोड्या वेळात सड टरारतात. मेंदूतनं ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्या आवळतं. पण धारेला नवखा माणूस बसला किंवा कुत्रं अंगावर आलं, तर म्हैस दूध चोरते. दूध कासेत असतंय, खाली येत नाही.

आमच्या एका म्हशीचं रेडकू नवव्या दिवशी दगावलं. वडिलांनी धारेच्या आधी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन सुरू केलं. दूध यायचं. पण दीड-दोन महिन्यांत अशी गत झाली की सुईशिवाय थेंब सोडेना. शेवटी आईनं सुई बंद केली. रोज त्याच वेळी आंबोण घेऊन जायची, मान आणि गळ्याखाली खाजवत बसायची, सडाला हातसुद्धा लावायची नाही. दूध निम्म्यावर आलं, वडील चिडले, आई हटली नाही. तीनेक आठवड्यांनी म्हैस पान्हवली. आईच्या हाताला. माझ्या हाताला अजून पान्हवत नाही.

फवाऱ्याचं काय ते डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगतो की जनावराला हात ओळखीचा व्हावा लागतो.

लिंशोपिंगहून

स्वीडनमध्ये राहते. इथल्या विद्यापीठात स्पर्शावर बरंच काम चालतं, आणि त्यात मदतनीस म्हणून काही वर्षं मी काढली आहेत.

सासूबाईंची समजूत कुठून आली ते कळतं. या संप्रेरकाची पहिली ओळखच बाळंतपणातून झाली. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दिल्यावर मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावताना पाहिलं. नावाचा अर्थही 'लवकर प्रसूती'. पण ते फक्त बाळंतिणीत नसतं, पुरुषांतही असतं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने ८० जोडप्यांना पहिलं मूल झाल्यावर सहा महिन्यांच्या काळात दोनदा तपासलं. बापांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन आयांइतकंच होतं. बापांनी कुणाला जन्म दिला नव्हता, पाजलंही नव्हतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतं.

२००५ च्या अभ्यासामुळे झोप घालवू नका. त्यात दत्तक मुलं जेमतेम १८ होती आणि मोजमाप लघवीतून केलेलं. लघवीतल्या आकड्यावरून मेंदूत काय चाललंय ते कळतं का, यावर तेव्हाच आक्षेप आले होते. 'कायमचं' हे त्या अभ्यासातून निघत नाही.

आता स्पर्शाकडे येते, कारण मला वाटतं तुमचं उत्तर तिथे आहे. आपल्या कातडीत दोन तऱ्हेचे तंतू स्पर्श टिपतात. जाड, वेगवान तंतू कुठे आणि किती जोरात लागलं ते सांगतात. दुसरे बारीक आणि संथ, त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. ते लव असलेल्या कातडीत भरपूर असतात: दंडावर, पाठीवर, चेहऱ्यावर. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हळुवार हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि त्यातही हाताची ऊब कातडीइतकी, ३२ अंशांच्या आसपास असली तर. त्यांचा निरोप मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात पोचतो. एका बाईचे जाड तंतू आजाराने गेले होते, तिला साधा स्पर्श कळत नसे. हाकान ओलाउसन यांच्या गटाने २००२ मध्ये तिच्या हातावर मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तिला अस्पष्ट पण सुखद असं काहीतरी जाणवलं आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये इन्सुला उजळला.

ऑक्सिटोसिन या निरोपावर काय करतं? जर्मनीत बॉनला ४० पुरुषांवर प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. नाकात फवारा दिला आणि एमआरआय यंत्रात त्यांना स्पर्श केला. एकदा सांगितलं, स्पर्श बाई करते आहे, एकदा सांगितलं, पुरुष. प्रत्यक्षात दोन्ही वेळा हात एकाच बाईचा होता. ऑक्सिटोसिनमुळे स्पर्श अधिक सुखद वाटला आणि इन्सुलाची हालचाल वाढली, पण फक्त 'बाईचा' म्हणून सांगितलेल्या स्पर्शाला. कातडीवर तोच हात, तोच वेग. मेंदूने उत्तर दिलं ते 'हा कोण' या समजुतीप्रमाणे. २०१७ मध्ये त्याच गटाने जोडप्यांवर काम केलं, तेव्हा जोडीदाराचा स्पर्श अधिक गोड झाला, परक्याचा झाला नाही. म्हणजे हे संप्रेरक माया ओतत नाही. आधीपासून ओळखीचं जे आहे त्याला जोर देतं.

आणि हे मला तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लिंशोपिंगच्या गटाचा निबंध २०२३ मध्ये आला. बायकांना यंत्रात झोपवून मधूनमधून रक्त घेतलं आणि जोडीदाराने व एका अनोळखी माणसाने आळीपाळीने स्पर्श केला. आधी जोडीदार आला, तर नंतर अनोळखी स्पर्शालाही ऑक्सिटोसिन वाढलं. आधी अनोळखी आला, तर नंतर आलेल्या जोडीदाराच्या स्पर्शालाही ते मंद राहिलं. क्रमाने फरक पडला. हे प्रौढ बायकांचं आहे, १९ महिन्यांच्या मुलीला जसंच्या तसं लावता येत नाही. पण तुमच्याकडे रोज आधी मावशी आणि मग तुम्ही येता, त्यामुळे क्रम बदलून बघायला काय हरकत आहे?

सिस्टर_नवजात_कक्ष

मी १६ वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. आई वेगळ्या दवाखान्यात असेल तर आम्ही कमी वजनाचं बाळ बापाच्या, आजीच्या, मावशीच्या छातीवर ठेवतो. कांगारू पद्धत. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा मोठा अभ्यास आला, दिल्लीचं सफदरजंगही त्यात होतं. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, उशिरा धरलेल्या गटात १५.७. तिथेही आई नसेल तेव्हा छाती दुसऱ्या कुणाची चालत होती.

ताई, फवारा मागवू नका. ऑक्सिटोसिन हे चिठ्ठीवरचं औषध आहे. अमेरिकेत स्वमग्नता असलेल्या २९० मुलांना २४ आठवडे फवारा देऊन पाहिला, माणसांत मिसळण्यात फरक पडला नाही. आणि अंग ताठ धरणं, मुठी मिटून ठेवणं हे बालविकासतज्ज्ञांना एकदा दाखवाच. बहुतेक काही नसेल, पण स्नायूंचं काही असेल तर लवकर कळलेलं बरं.

वर्गशिक्षिका

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी दोनदा वाचलं. तज्ज्ञांची वेळ घेतली आहे.

क्रमाचं वाचून चर्र झालं. मावशींचा हात चांगला आहे पण जोरकस, आणि दिवसाचा पहिला हात मीच त्यांना देत आले. तुम्ही १ ते १० म्हणालात, त्यातलं सेकंदाला ३ सेंटिमीटर धरलं तर ते किती, जरा सांगाल का?

लिंशोपिंगहून

तुमच्याकडे शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी असेल. तिच्यावरून बोट पाच सेकंदांत न्या. तेवढं. पण घड्याळ लावून करू नका. आईबापांना न सांगता बाळावर हात फिरवायला लावलं तर वेग आपसूक याच टप्प्यात येतो, हेही मोजलेलं आहे. आणि तिने हात मागे घेतला तर तुम्हीही घ्या.

वर्गशिक्षिका

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. तज्ज्ञांनी तपासलं, स्नायू ठीक आहेत. मावशींना सांगून मालीश थांबवली, महिन्याचे पैसे दिले. आता ती जागी झाली की पहिला हात माझा, तोही नुसता दंडावर. पहिले १२ दिवस हात ओढून घ्यायची. मी थांबायचे. गोठेवाल्या दादांच्या आईची रोज आठवण यायची.

दूध अजून भिंतीकडे तोंड करूनच पिते. पण आता पीत असताना डावा हात मागे, माझ्या बाजूला टाकते, आणि मूठ उघडी असते. उजव्या हाताला अजून लावू देत नाही.

परवा सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "किती हळू म्हणालीस?" मी दप्तरातली पट्टी काढून त्यांच्या हातात दिली.